एंडोफाइटवर काम करायचंय? जनुकांआधी प्लेट शिक

प्रश्न : मी बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या पहिल्या वर्षाला आहे. पिकांच्या आत राहून वाढ सुधारणाऱ्या जिवाणूंवर (एंडोफाइट) पुढे काम करायचं आहे. जनुक अभियांत्रिकीचा कोर्स आत्ताच लावू का?

उत्तर : आत्ताच नको. जिवाणू खरंच झाडाच्या आतला आहे, हे दाखवता येणं हे या क्षेत्रातलं पहिलं कौशल्य, आणि बरेच विद्यार्थी तिथेच अडकतात.

बाहेरचे जिवाणू मारण्यासाठी मूळ धुऊन 70 टक्के इथेनॉलमध्ये मिनिटभर, मग 2 टक्के सोडियम हायपोक्लोराइटमध्ये तीन ते पाच मिनिटं ठेवायचं आणि निर्जंतुक पाण्याने चार-पाचदा खळबळायचं. शेवटच्या पाण्यातलं 0.1 मिली जिवाणू वाढवण्याच्या माध्यमाच्या प्लेटवर पसरायचं. तिथे जिवाणूंच्या वसाहती उगवल्या, तर बाहेरचे जिवाणू उरले आहेत, तो नमुना बाद. उलट, बारीक मुळं जास्त वेळ ठेवली की हायपोक्लोराइट आत मुरतं आणि हवे ते जिवाणूही मरतात. म्हणून जाडीनुसार वेळ आधी ठरवून घे.

हवेतला नत्र वापरणारे जिवाणू शोधताना नत्रविरहित आगरवर (घट्ट माध्यमावर) वाढ दिसली म्हणून हुरळून जाऊ नकोस. आगरमध्येही नत्राचे अंश असतात. अर्धघन माध्यम वापर. नत्र स्थिर करणाऱ्या नायट्रोजिनेज या विकराला (एन्झाइमला) ऑक्सिजन सोसत नाही, त्यामुळे जिवाणू पृष्ठभागाखाली, सोसेल इतक्या हवेत पापुद्रा धरतात. उसातला ग्लुकोनॅसिटोबॅक्टर डायझोट्रॉफिकस 1988 मध्ये ब्राझीलच्या संशोधकांनी अशाच माध्यमातून वेगळा केला. पापुद्रा दिसल्यावर नायट्रोजिनेज खरंच काम करतं का हे दाखवणारी ॲसिटिलीन रिडक्शन चाचणी करायचीच.

कुंडीत जोमदार दिसलेला जिवाणू शेतात अनेकदा काहीच करत नाही. जमिनीतले मूळचे जिवाणू त्याला टिकू देत नाहीत, पिकाची जात बदलली की प्रतिसाद बदलतो आणि भरपूर नत्रखत दिलं की नत्र स्थिरीकरण मंदावतं. शिवाय नियंत्रण म्हणून नुसतं पाणी पुरत नाही. ऑटोक्लेव्ह करून (दाबाखालच्या वाफेने) मारलेलं तेच कल्चरही (माध्यमासकट वाढवलेले जिवाणू) काही रोपांना द्यावं लागतं, नाहीतर माध्यमातल्या अन्नद्रव्यांचं श्रेय जिवाणूला जातं. असा फरक खरा की योगायोग हे आकड्यांवरूनच ठरतं, त्यामुळे संख्याशास्त्राचा पेपर ऑप्शनला टाकू नकोस!

पुढे एम.एस्सी.ला कृषी सूक्ष्मजीवशास्त्र किंवा वनस्पती रोगशास्त्र घे. संशोधनात जायचं नसेल, तर जैविक खतांच्या गुणवत्ता नियंत्रणात काम मिळू शकतं : जिवंत पेशींची मोजणी, भेसळ तपासणं, साठवणीत किती पेशी टिकतात ते पाहणं. जिवाणूची ओळख पटवणंही त्यातच आलं. बुर्खोल्डेरिया सेपेशिया गटातले काही जिवाणू पिकाला उपयोगी असले तरी दुबळ्या फुप्फुसांच्या माणसाला घातक ठरतात. जिवाणू ओळखायला वापरल्या जाणाऱ्या 16एस आरआरएनए जनुकाच्या अनुक्रमणाने असा संशय आला, तर तो जिवाणू शेतात नेऊ नये.

जनुक अभियांत्रिकी तिसऱ्या वर्षात सुरू केलीस तरी उशीर होणार नाही.