जिवाणूंना आपली संख्या कळते का? केळीचा कंद एकदम कसा सडतो?

हो, कळते. रावेर-यावलकडच्या केळीत कंदकूज पाहिलीत तर पटेल: झाड वरून ठणठणीत, पण ओढलं की बुडातून मोडून हातात येतं; सडका कंद जमिनीतच, घाण वास.

यातला पेक्टोबॅक्टेरियम जिवाणू होमोसेरीन लॅक्टोन गटातला छोटा रेणू सतत बाहेर सोडतो. जिवाणू थोडे असले तर तो विरून जातो. गर्दी झाली की साचतो, जिवाणूच्या आतल्या प्रथिनाला चिकटतो आणि मग पेशीभित्तिका विरघळवणारी विकरं सगळेच जोरात सोडू लागतात. मोजक्यांनी आधीच हल्ला केला असता तर झाड सावध झालं असतं. मला हेच सगळ्यात विलक्षण वाटतं! चमकणाऱ्या सागरी जिवाणूंमध्ये असा प्रकार १९७० सालीच दिसला होता.

लागवडीला कंद निरोगीच घ्या, पाणी साचू देऊ नका.