पावसाळ्यातला पन्हाळा: प्रिंट रंगीत काढू की ब्लॅक अँड व्हाइट?

तुमचा फोटो मी पाहिलेला नाही, तुम्ही लिहिलंय त्यावरूनच बोलतोय. ऑगस्टातली सकाळ, सज्जाकोठीच्या बाजूनं काढलेला फोटो, पुढं तटाचा ओला काळा दगड, खाली भात आणि ऊस, मागं धुक्यातून डोकं काढलेला ज्योतिबाचा डोंगर. हॉलमध्ये मोठी प्रिंट लावायचीय. घरचे म्हणतात रंगीत, मित्र म्हणतात ब्लॅक अँड व्हाइट. मी मित्रांच्या बाजूनं आहे, पण ‘ब्लॅक अँड व्हाइट जास्त आर्टिस्टिक दिसतं’ हे कारण मला मान्य नाही. ज्या कोल्हापुरात चित्रकार आबालाल रहिमानांनी आयुष्य घालवलं, रंकाळा आणि कोटीतीर्थ या तलावांची रंगीत चित्रं काढली, तिथं रंगाला कमी लेखायचं म्हणजे जरा जास्तच झालं.

कारण वेगळं आहे. आपल्याकडं ऑगस्टात सगळंच हिरवं असतं. भात हिरवा, ऊस हिरवा, उतार हिरवा, तटावरचं शेवाळसुद्धा हिरवं. मग तो हिरवा रंग तुमच्या फोटोत वेगळं असं काम काय करतोय? एक थर दुसऱ्यापासून सुटा दिसतोय तो उजेडामुळं: जवळचा दगड काळाकुट्ट, शेतं मध्यम, डोंगर फिका, आभाळ त्याहून फिकं. फोटो उभा आहे तो या उतरत्या करड्या छटांवर. रंग काढला तर काही हरवत नाही, उलट छटा नीट मोजता येतात.

मी प्रत्येक फोटोला हेच विचारतो: यातली मुख्य गोष्ट मागच्या गोष्टीपासून वेगळी दिसतेय ती रंगामुळं की उजेडामुळं? रंगामुळं असेल तर रंगीतच ठेवायचा, तिथं हट्ट करायचा नाही. चैत्र यात्रेतला ज्योतिबा घ्या. सासनकाठ्या, माणसं, पायऱ्या, देवळाचं शिखर, सगळं गुलालानं माखलेलं. त्याचा ब्लॅक अँड व्हाइट केला की गुलालाची नुसती धूळ होते, रस्त्याचं काम चाललंय असं वाटतं. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठाराचंही तसंच. पावसाळा संपताना तिथं तांबडा जांभा आणि त्यात हिरवं गवत, डोळ्याला किती वेगळं दिसतं! करड्यात दोन्ही एकमेकांत मिसळून जातात, कारण दोघांचा उजळपणा बऱ्याचदा जवळपास सारखाच असतो.

रंगाचा करडा करताना कॅमेरा किंवा ॲप सगळ्या रंगांना सारखं धरत नाही. नेहमीच्या एका सूत्रात हिरव्याला 59 टक्के, लालला 30 आणि निळ्याला 11 टक्के वजन असतं. म्हणून गडद निळं जवळजवळ काळं होतं आणि हिरवं उजळ राहतं. लाइटरूमसारख्या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक रंगाचा स्लायडर, म्हणजे सरकपट्टी, हलवून ही वाटणी तुम्ही बदलू शकता. जांभा उजळ करून गवत गडद केलं तर पठाराचा फोटोही वाचू शकतो. यात एक गंमत आहे: झाडं-गवत आपल्याला हिरवी दिसतात, पण स्लायडर हलवताना ती हिरव्यापेक्षा पिवळ्याला जास्त दाद देतात. उसाचा फड गडद होत नसेल तर पिवळा ओढून बघा.

निळ्या स्लायडरपासून मात्र जपून. तो खूप खाली ओढला की आभाळात दाणे उठतात आणि तटाच्या कडेला पांढरी किनार दिसायला लागते. अमेरिकन फोटोग्राफर ॲन्सेल ॲडम्सनं 1927 साली तिकडच्या योसेमिटीतल्या हाफ डोम या कड्याचा फोटो काढताना लेन्सवर लाल फिल्टर लावून आभाळ जवळजवळ काळं केलं, ते वाचून सगळ्यांनाच तसं करावंसं वाटतं. पण त्याचं आभाळ निळं होतं. लाल फिल्टर निळा उजेड अडवतो, म्हणून निळं आभाळ काळं पडतं. ऑगस्टातल्या करड्या ढगांवर त्याचा काही उपयोग नाही, कारण त्यात अडवायला वेगळा असा निळा नसतोच.

धुक्याच्या बाबतीतही हाच घोळ होतो. ऊसतोड चालू असताना पाचट पेटवलेलं असतं, हवेत धूर आणि धूळ असते, लांबचे डोंगर निळसर दिसतात. ते कण बारीक असतात, त्यांच्यात निळा उजेड जास्त विखुरतो आणि लाल त्यामानानं सरळ येतो. अशा वेळी ब्लॅक अँड व्हाइट करताना लालवर भर दिला तर लांबचा डोंगर बऱ्यापैकी साफ होतो. पावसाळ्यातलं धुकं वेगळं. त्यातले पाण्याचे थेंब इतके मोठे असतात की सगळे रंग सारखेच विखुरतात, म्हणूनच ते पांढरं दिसतं. तिथं कुठलाही स्लायडर ओढा, डोंगर बाहेर येत नाही. आणि तुमच्या फोटोत तो यायलाही नको. धुकं कमी करणारं ते ‘डिहेझ’ नावाचं बटण आहे ना, त्याला हातही लावू नका. थर सुटे दिसतात ते त्या धुक्यामुळंच.

रंग काढण्याचा आणखी एक फायदा फोटो मोठा करून बघितल्याशिवाय कळत नाही. तुमचा फोटो शंभर टक्क्यांवर उघडा आणि खालची वस्ती बघा. एखाद्या गोठ्यावर नाहीतर छपरावर निळी ताडपत्री असणारच. इवलासा ठिपका असतो, पण एवढ्या हिरव्यात नजर पहिली तिथंच जाते, ज्योतिबाचा डोंगर राहतो बाजूला. करड्यात ती ताडपत्री गडद होऊन शेतात मुरून जाते. पंचगंगा घाटावर हिवाळ्यात पहाटे पाण्यावर वाफ असते, तेव्हाही हेच: दगडी देवळं आणि वाफ करड्यातच खुलतात, रंगीतमध्ये मात्र कुणीतरी ठेवलेली गुलाबी बादली आड येते. त्याच घाटावर त्रिपुरी पौर्णिमेला पणत्या लागल्या की मात्र रंगीतच, तिथं तो पिवळा उजेड हाच विषय असतो. रंकाळ्यावरच्या सूर्यास्ताचंही असंच. पाणी केशरी झालेलं असताना त्याचा करडा करणाऱ्याला काय म्हणावं!

बरेच जण भर दुपारचा मरगळलेला फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून वाचवायला बघतात. पांढऱ्या रश्श्यात वरून चटणी ओतली म्हणून त्याचा तांबडा रस्सा होत नाही. उजेड सपाट असेल तर रंग काढल्यावर तो आणखी सपाट दिसतो, कारण लपायला आता रंगही उरलेला नसतो.

पुढच्या वेळेसाठी एक करा. कॅमेऱ्यात रॉ, म्हणजे सेन्सरची सगळी माहिती जशीच्या तशी ठेवणारी फाइल, चालू ठेवा आणि पिक्चर प्रोफाइल मोनोक्रोम, म्हणजे ब्लॅक अँड व्हाइट, करा. स्क्रीनवर ब्लॅक अँड व्हाइट दिसतं, म्हणजे उजेड कसा पडलाय ते जागेवरच कळतं, आणि रॉ फाइलमध्ये सगळे रंग शाबूत राहतात. नुसत्या जेपेगमध्ये मोनोक्रोम काढलात तर रंग कायमचे गेले. शिवाय जेपेग 8 बिटचा, म्हणजे करड्याच्या 256 पायऱ्या; 14 बिटच्या रॉमध्ये त्या 16,384 असतात. धुक्याचं आभाळ अगदी हळूहळू फिकं होत जातं, आणि जेपेग थोडा जरी ताणला तरी तिथं पट्टे दिसतात. मोबाइलवर काढत असाल तर फिल्टर न लावता रंगीतच काढा, करडा नंतर करता येतो.

आता प्रिंटचं. साध्या कलर लॅबमध्ये रंगीत कागदावर ब्लॅक अँड व्हाइट काढलं की बऱ्याचदा त्याला हिरवट किंवा गुलाबीसर झाक येते. ज्यांच्याकडं करड्या शायांचा इंकजेट प्रिंटर आहे अशा ठिकाणी काढा, आणि कागद मॅट घ्या. हॉलमध्ये खिडकी समोर असेल तर ग्लॉसीवर डोंगराऐवजी खिडकीच दिसेल. मोठी काढण्याआधी दोन्ही 5×7 इंचात काढून घ्या, एक रंगीत, एक करडी, आणि ज्या भिंतीवर लावायचीय तिथंच चिकटवा. आठवडाभर तशाच राहू द्यात. घरच्यांना काही विचारू नका, येता-जाता ते कुठल्या फोटोपुढं थांबतात तेवढं बघा.