फिलिपिन्सचे अ‍ॅनिमेशनपट कुठून बघायला सुरुवात करावी?

तुम्ही विचारलंय की मनिलाच्या स्टुडिओंत जगभरच्या कार्टून मालिकांचं काम चालतं, मग फिलिपिन्सचे स्वतःचे पूर्ण लांबीचे अ‍ॅनिमेशनपट का दिसत नाहीत, आणि असतील तर कोणते बघावेत. मी टू-डी अ‍ॅनिमेशनमध्ये इनबिटवीन (मुख्य चित्रांच्या मधली चित्रं काढणं) आणि क्लीनअपचं (कच्च्या रेषा पक्क्या करण्याचं) काम केलंय, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. एकच बघणार असाल तर कार्ल जोसेफ पापा यांचा २०२३ चा ‘इती मपुकपुकाव’ बघा. ‘द मिसिंग’ या नावाने शोधलात तर सापडेल.

आधी ‘का दिसत नाहीत’ ते सांगते. १९८० च्या दशकात परदेशी कंपन्यांचं काम मनिलात येऊ लागलं. जपानच्या तोएईचा स्टुडिओ तिथे १९८६ पासून आहे, हॅना-बार्बेरा या अमेरिकी कार्टून कंपनीचं काम मनिलातली फिल-कार्टून्स करायची, पुढे डिस्नेच्या टीव्ही मालिकांचं काम तिथल्याच टून सिटी स्टुडिओकडे गेलं. कथा, पात्रं, स्टोरीबोर्ड सगळं बाहेरून यायचं आणि चित्रं मनिलात काढली जायची. त्यातून उत्तम हात तयार झाले. पण अशा कामात गोष्ट रचायला मिळत नाही आणि तयार मालिकेवर मालकीही राहत नाही, मग स्वतःच्या चित्रपटात घालायला पैसा येणार कुठून? मुंबई-पुण्यात आउटसोर्सिंगचं काम केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

तरी लोकांनी चित्रपट केले. व्यंगचित्रकार नोनॉय मार्सेलो यांचा ‘तादहाना’ १९७८ मध्ये, हुकूमशहा मार्कोस यांच्या राजवटीत, टीव्हीवर दाखवला गेला. चित्रपटगृहात लागलेला पहिला म्हणून १९९७ च्या ‘अदार्ना’चं नाव घेतलं जातं. याची गोष्ट तिथली मुलं शाळेतच शिकतात. राजा आजारी पडतो आणि अदार्ना पक्ष्याचं गाणं ऐकल्याशिवाय तो बरा होणार नसतो. पण ते गाणं ऐकणाऱ्याला झोप लागते, आणि झोपलेल्यावर पक्ष्याची विष्ठा पडली की त्याचा दगड होतो. थोरल्या दोन राजपुत्रांचे असेच दगड होतात. धाकटा हुआन जागं राहण्यासाठी स्वतःचा हात कापतो आणि जखमेवर लिंबू पिळत राहतो. इतकी जबरदस्त लोककथा हाताशी असताना पहिला चित्रपट तिच्यावर होणं साहजिकच होतं. आज बघताना त्याची हालचाल अडखळती वाटते, पण त्यामागची जिद्द लपत नाही.

२००८ मध्ये एकाच वर्षात दोन आले. ‘उरदुजा’ ही योद्धा राजकन्येची गोष्ट. हिचा उल्लेख थेट इब्न बतूताच्या प्रवासवर्णनात आहे. चित्रपट मात्र गाणी, प्रेमकथा आणि गमत्या प्राण्यांच्या डिस्ने साच्यात अडकलाय. ‘दायो’ मला जास्त आवडतो. आजी-आजोबांना सोडवायला बुबुय नावाचा मुलगा एलेमेंटालिया या जादुई जगात शिरतो. तिथे घोडतोंड्या तिकबालांग भेटतो, आणि मानानांगाल मुलगीसुद्धा. मानानांगाल म्हणजे कमरेपासून धड वेगळं करून वटवाघळाच्या पंखांनी उडणारी, तिथल्या खेड्यापाड्यांत दहशत असलेली बाई. इथे ती बुबुयची मैत्रीण आहे, आणि हा बदल फार गोड जमलाय. त्यातलं ‘लिपाद’ हे गाणं फिलिपिन्सच्या गायिका लेआ सालोंगा यांनी गायलंय. डिस्नेच्या जास्मिन आणि मुलान यांची गाणीही त्यांच्याच आवाजात आहेत.

यातले बरेच चित्रपट मेट्रो मनिला चित्रपट महोत्सवात आले, हेही लक्षात घ्या. हा महोत्सव २५ डिसेंबरला सुरू होतो आणि त्या काळात तिथल्या चित्रपटगृहांत फक्त देशी चित्रपट लागतात. हॉलिवूडची स्पर्धा टळते हे खरं, पण सुट्टीच्या त्याच दिवसांत मोठ्या ताऱ्यांचे विनोदीपटही लागलेले असतात. कित्येक वर्षं राबून केलेल्या अ‍ॅनिमेशनपटाला इतकीशीच खिडकी मिळते. २०१० चा ‘आरपीजी मेटानोया’, म्हणजे तिथला पहिला पूर्ण थ्री-डी (संगणकावर घडवलेला) अ‍ॅनिमेशनपट, याच महोत्सवातला. ऑनलाइन गेममध्ये रमलेली मुलं, गल्लीतले खेळ, परदेशी नोकरीला गेलेले वडील, सगळं तिथल्या मध्यमवर्गीय घरातलं आहे.

माझ्या मते खरा बदल घडला तो डिस्नेसारखं दिसायचा हट्ट सुटल्यावर. एविड लिओंगोरेन यांनी ‘सेव्हिंग सॅली’मध्ये खरे नट आणि रेखाटलेलं शहर एकत्र आणलं. त्यासाठी दहाएक वर्षं खर्ची घातली आणि २०१६ मध्ये तो प्रदर्शित झाला. मग २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर त्यांचा ‘हायोप का’ आला. अत्तर विकणारी मांजर, तिचा सफाई कामगार प्रियकर आणि श्रीमंत कुत्रा असा प्रेमाचा त्रिकोण आहे. संवाद चावट आहेत, पण वर्गभेद नेमका पकडलाय.

पापा यांची वाट वेगळी. ते रोटोस्कोप वापरतात, म्हणजे आधी नटांना घेऊन चित्रीकरण करायचं आणि मग फ्रेमवर फ्रेम रेखाटायची. २०१५ चा त्यांचा कृष्णधवल ‘मनांग बिरिंग’ कॅन्सर झालेल्या म्हातारीचा आहे. नाताळला मुलगी घरी येणार म्हणून तिला तोवर जगायचंय. ‘इती मपुकपुकाव’चा नायक एरिक स्वतः अ‍ॅनिमेटर आहे आणि त्याच्या चेहऱ्यावर तोंडच काढलेलं नाही. तो लिहून बोलतो. आई त्याला काकांची खबर घ्यायला पाठवते, आणि तिथून लहानपणीचा परग्रहवासी पुन्हा त्याच्या मागे लागतो. बालपणीचे प्रसंग लहान मुलाने काढल्यासारख्या साध्या रेषेत आहेत. ही कथा खऱ्या चेहऱ्यांवर चित्रित केली असती तर ते नसलेलं तोंड दाखवायचं कसं? अ‍ॅनिमेशनशिवाय ती सांगताच येत नाही, म्हणून मी तिला पहिलं स्थान देते. फिलिपिन्सच्या सिनेमालाया या स्वतंत्र चित्रपटांच्या महोत्सवात २०२३ ला तो सर्वोत्कृष्ट ठरला आणि फिलिपिन्सने ऑस्करला पाठवलेला पहिला अ‍ॅनिमेशनपटही तोच. त्यात बालपणीच्या लैंगिक अत्याचाराचा विषय आहे, तेव्हा तयारीने बसा.

घरात मुलं असतील तर त्यांच्यासोबत ‘दायो’ किंवा ‘मेटानोया’ लावा. ‘हायोप का’ मुलं झोपल्यावरच.