गोळ्या सोडून आयुर्वेद सुरू करू का?

"मॅडम, मनाच्या गोळ्या बंद करून आयुर्वेदाचं सुरू केलं तर चालेल ना? त्याचे साइड इफेक्ट तरी नसतात."

नाशिकमध्ये समुपदेशन करताना हा प्रश्न मी सतत ऐकते. सातपूरला पाळ्या करणारे कामगार विचारतात, निफाडकडचे द्राक्ष बागायतदार विचारतात, कॉलेजच्या मुलांचे आईवडील विचारतात. त्यामागे बहुतेक वेळा भीती असते. गोळीची सवय लागेल, नातेवाइकांना कळेल, हे कायमचं मागे लागेल. मी मानसशास्त्र शिकलेली, पण चरकसंहिता हा आयुर्वेदाचा जुना ग्रंथ माझ्या टेबलावर असतो आणि मी तो वाचते. त्यामुळे या प्रश्नाला नुसतं 'हो' किंवा 'नाही' म्हणणं मला कधीच पटलेलं नाही. त्याऐवजी एका ताईंविषयी सांगते. त्यांची परवानगी आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताई चाळिशीच्या, बँकेत नोकरीला. घरात नवरा, बारावीतला मुलगा आणि आई गेल्यापासून त्यांच्याकडे राहायला आलेले वडील. पहाटे तीनला जाग यायची ती पुन्हा डोळा लागायचा नाही. अन्नावर वासना नाही, छातीत भरून यायचं. ईसीजी झाला, रक्त तपासून झालं. थायरॉइडची गोळी आधीपासून चालू होती, तिचाही डोस बरोबर निघाला. फॅमिली डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, त्यांनी नैराश्यावरची गोळी सुरू केली. ताईंना बरं वाटू लागलं, आणि तेवढ्यात कुणीतरी "सवय लागेल हं" म्हणालं. त्यांनी गोळी एका दिवसात बंद केली आणि चक्कर येऊ लागली.

माझ्याकडे आल्या तेव्हा हातात कापडी पिशवी होती. ती त्यांनी टेबलावर उपडी केली. अश्वगंधा चूर्ण, ब्राह्मीच्या गोळ्या, सारस्वतारिष्टाची अर्धी बाटली, जटामांसीची पुडी, आणि लेबलच नसलेली एक प्लॅस्टिकची डबी.

"हे कुणी दिलं?"

"काही मोबाइलवर बघून आणलं, काही नणंदेने दिलं."

"कुठल्या वैद्यांनी तपासलंय तुम्हाला?"

"नाही. म्हटलं, आयुर्वेदच आहे, त्याला काय विचारायचं?"

इथे मला स्पष्ट बोलावं लागलं, आणि वाचणाऱ्यांनाही तेच सांगते. अश्वगंधेने ताण आणि झोप यात फरक पडतो असं काही छोट्या अभ्यासांत दिसलं आहे. पण ती थायरॉइडच्या पातळीवर परिणाम करू शकते, झोपेच्या गोळीबरोबर गुंगी वाढवू शकते, क्वचित यकृतालाही त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. गरोदरपणात ती घेऊ नये. अरिष्टात आंबवण्यातून तयार झालेलं अल्कोहोल असतं. लेबल नसलेल्या डबीत काय आहे, त्यात कुठलं भस्म, म्हणजे धातूची राख, आहे का, हे कुणालाच सांगता येत नाही. ती डबी बाजूला काढायला मी तिथल्या तिथे सांगितलं. वैद्य प्रकृती बघतात, अग्नी म्हणजे पचनशक्ती बघतात, वय, ऋतू, आधीची औषधं बघतात आणि मगच मात्रा ठरवतात. हे सगळं वगळून घेतलेल्या चूर्णाला आयुर्वेद म्हणणं हा आयुर्वेदावरच अन्याय आहे.

गोळीचं म्हणाल, तर नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. त्या अचानक सोडल्या की चक्कर, चिडचिड, झोपमोड असे त्रास होऊ शकतात. ताईंना होणारी चक्कर बरीचशी त्यातलीच असावी. या गोळ्यांची दारू-तंबाखूसारखी तलफ लागत नाही. सवयीचा धोका असतो तो मुख्यतः काही झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्यांना, त्या दीर्घकाळ घेतल्या तर. 'गोळी' म्हणून सगळ्यांना एकाच मापाने मोजू नये. ताईंना मी पुन्हा त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं, पिशवीसकट. मग पंचवटीतल्या एका नोंदणीकृत वैद्यांकडे, डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन. दोघांनाही एकमेकांची औषधं माहीत असणं ही माझी पहिली अट असते. बंगळूरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत तर एकात्मिक उपचारांचा वेगळा विभागच आहे. तिथे आयुर्वेद आणि मानसोपचार एकाच छताखाली चालतात, मग आपल्या घरात त्यांचं भांडण कशाला लावायचं?

वैद्यांनी पिशवीतलं जवळजवळ सगळं थांबवलं आणि दिनचर्येवर बोट ठेवलं. ताईंनी ऐकीव पथ्यं पाळायला घेतली होती. दही बंद, वांगं बंद, बटाटा बंद, रात्रीचं जेवण बंद. वजन उतरलं होतं आणि प्रत्येक घासाला भीती होती. वैद्यांनी सांगितलं, गरम, ताजं, वेळेवर आणि बसून जेवा. चरकांनी आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ मानले, म्हणजे आधाराचे खांब. झोपेबद्दल तर 'निद्रायत्तं सुखं दुःखम्' असं म्हटलंय. सुखदुःख झोपेवर अवलंबून आहे, हे मी रोज माझ्या खुर्चीतून बघते.

झोपेवरूनच गाठ सुटायला लागली. मी सहज म्हटलं, "रात्री तळपायांना थोडं तेल लावून काशाच्या वाटीने घासा. घरी वाटी आहे ना?"

"आहे."

"मग आजपासूनच…"

"आईची आहे, मॅडम. माझ्या बाळंतपणात तिने भांडी बाजारातून आणली होती. रोज रात्री माझे पाय…"

वाक्य पुरं झालं नाही. डोळे भरले, आणि त्याच क्षणी त्यांनी ओढणीचं टोक डोळ्यांच्या कोपऱ्यात दाबलं, मान वर केली, श्वास आत ओढला आणि आवंढा गिळला. सगळं इतकं सराईतपणे की समोरच्याला कळूही नये.

"सॉरी. तेल कुठलं वापरू?"

"ताई, आई गेल्यावर तुम्ही रडलात कधी?"

"वेळच नाही मिळाला. दहाव्याला गंगेवर सगळं मीच बघत होते. गुरुजी, पिंडाचं, लोकांची जेवणं. बाबा कोसळले होते. मी रडले असते तर त्यांना कुणी धरलं असतं? आणि शोक आवरावा असं प्रवचनात ऐकलंय. तुमच्या चरकातही तेच आहे ना?"

आहे. मी पुस्तक उघडलं. सूत्रस्थान या पहिल्या भागातला सातवा अध्याय वेगांचा, म्हणजे शरीरात आणि मनात आपोआप उठणाऱ्या ऊर्मींचा आहे. त्यात लोभ, भय, क्रोध, मत्सर यांच्याबरोबर शोकाचा वेगही आवरावा असं सांगितलंय. पण त्याच अध्यायात आधी दुसरी यादी येते, कधीही अडवू नयेत अशा तेरा वेगांची. भूक, तहान, झोप, शिंक, जांभई, आणि त्यातच अश्रू. अश्रू अडवल्याने काय होतं तेही दिलंय, ते मी वाचून दाखवलं. सर्दी, डोळ्यांचे विकार, हृद्रोग, अरुची, भ्रम म्हणजे चक्कर.

ताईंनी बोट ओळीवर ठेवलं. "छाती. जेवण जात नाही. चक्कर." थोडं थांबून म्हणाल्या, "म्हणजे रडणं हा कमकुवतपणा नाही?"

"ग्रंथात ते भूक आणि झोपेच्या ओळीत बसवलंय."

मग त्या रडल्या. बराच वेळ. मी पाण्याचा ग्लास पुढे केला नाही, पाठीवरून हात फिरवला नाही. घरोघरी हीच चूक होते. कुणी रडायला लागलं की आपण "पाणी पी, शांत हो" म्हणतो. हेतू प्रेमाचाच असतो, पण ऐकणाऱ्याला 'आता थांब' एवढंच पोचतं.

शोक आवरायचा पण अश्रू अडवायचे नाहीत, हे परस्परविरोधी वाटेल. मला तसं वाटत नाही. अश्रू शरीराचा वेग आहे, शोक मनाचा. शोकाने ताबा घेऊन जेवण, झोप, कामधाम, माणसं सोडायला लावू नयेत, हे त्याला आवरणं. डोळ्यांना मात्र त्यांचं काम करू द्यायचं. ताईंनी नेमकं उलट केलं होतं. अश्रू अडवले, आणि शोकाला झोप, भूक, आप्तमित्र सगळं देऊन टाकलं. बरीच वर्षं या अध्यायाशी राहिल्यावर ही जोडणी मला सापडली आणि ती फार जणांच्या उपयोगी पडली, याचं समाधान आहे.

अश्रू अडवण्याच्या त्याच श्लोकात उपायही आहे. झोप, आणि 'प्रियाः कथाः', म्हणजे मनाला आवडतील अशा गप्पा. मद्याचाही उल्लेख आहे, पण तो सल्ला मी कुणालाही देत नाही. ताईंसाठी आम्ही प्रियकथा अगदी शब्दशः घेतली. दर रविवारी आईच्या एका जुन्या मैत्रिणीकडे जायचं आणि आईबद्दल बोलायचं. पुढे वडीलही सोबत जाऊ लागले. त्यांच्यासमोर लेकीने रडावं याची त्यांनाच गरज होती, हे ताईंना तिथे समजलं. "बाबा म्हणाले, मला वाटायचं एकट्या मलाच तिची आठवण येते," हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा त्या हसतही होत्या आणि डोळेही वाहत होते.

चरक मनाच्या दोषांना, रज आणि तम यांना, ज्ञान, विज्ञान, धैर्य, स्मृती आणि समाधी हे औषध सांगतात. मनाला अहितकारक गोष्टींपासून मागे घेण्याला ते सत्त्वावजय म्हणतात. समुपदेशन त्याच्या फार जवळचं आहे असं मी मानते. वेळेवर झोप, अभ्यंग, बसून जेवण, मन मोकळं करायला एक माणूस, हे ज्याला-त्याला आजपासून करता येतं. शिरोधारेने, म्हणजे कपाळावर सोडलेल्या तेलाच्या धारेने, शांत वाटतं, जरूर करा, पण तिचं महागडं पॅकेज घेऊन पुन्हा रात्री दोनपर्यंत मोबाइल बघणार असाल तर पैसे वाचवा.

ताईंचा डोस डॉक्टरांनी पुढे टप्प्याटप्प्याने कमी करत नेला. वैद्यांचं एक औषध डॉक्टरांच्या माहितीने चालू राहिलं. तुमची गोळी चालू असेल तर ती कमी करण्याची वेळ तुमचे डॉक्टर ठरवतील, नातेवाईक नाही. छातीत दुखलं तर आधी हृदय तपासून घ्या, मग मनाकडे या. जीव नकोसा वाटणं, भास होणं, रात्र-रात्र झोप नसूनही अंगात अफाट उत्साह संचारणं, यांपैकी काहीही असेल तर काढे-चूर्णांत दिवस घालवू नका, थेट मानसोपचारतज्ज्ञ गाठा. आणि रात्री-अपरात्री कुणाशी बोलावं हे सुचत नसेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक फिरवा. ऑक्टोबर २०२२ पासून ही सेवा चालू आहे. ती मोफत आहे, चोवीस तास मिळते आणि मराठीत बोलता येतं.