पहिल्यांदाच बीजिंगला निघालात? मग हे ऐका

विमानाच्या तिकिटाइतकीच काळजी निषिद्ध नगरीच्या, म्हणजे तिथल्या जुन्या बादशाही राजवाड्याच्या, तिकिटाची घ्या. ते सात दिवस आधी ऑनलाइन मिळू लागतं, पासपोर्ट नंबरावर निघतं आणि मोसमात बघता बघता संपतं. मूळ पासपोर्ट जवळच ठेवा. आमचा हॉटेलवर राहिला आणि अर्धी सकाळ वाया गेली. सोमवारी राजवाडा बहुधा बंदच असतो.

आत शिरायचं दक्षिणेकडून, बाहेर पडायचं उत्तरेकडून. मधल्या दालनांपुढे खच्चून गर्दी असते, तिथं धक्के खाण्यापेक्षा बाजूच्या अंगणांत वळा. बाहेर आलात की समोरच जिंगशानची टेकडी. खंदक खणताना निघालेल्या मातीची ती! पाय बोलत असले तरी चढाच. १४२० साली पूर्ण झालेला सगळा राजवाडा, पिवळ्या कौलांचा, पायाशी पसरलेला दिसतो.

चीनच्या भिंतीसाठी बादालिंगच्या भागापेक्षा मुतियान्यूचा भाग बरा, जत्रा कमी. पायऱ्या मात्र लहरी: एक घोट्याएवढी, पुढची गुडघ्याएवढी. गुडघे कुरकुरत असतील तर सरळ केबल कार घ्या, त्यात कमीपणा कसला?

आणि हो, अलीपे हे मोबाइलवरून पैसे द्यायचं ॲप घरूनच सुरू करून कार्ड जोडून घ्या. गूगल मॅप्सच्या भरवशावर तर अजिबात राहू नका.