एचआयव्हीच्या गोळ्या अडीच महिने बंद आहेत, त्रास काहीच नाही. पुन्हा सुरू करायलाच हव्यात का?

तुमच्या प्रश्नातून मला समजलं ते असं. तुम्ही कळंगुटला हॉटेलात कामाला आहात. तीन वर्षं गोळ्या नीट चालू होत्या, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, तपासणीत सापडतही नव्हता. चवथीला गावी गेलात तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं, बायकोला ठाऊक आहे पण आईला नाही, म्हणून डबी खोलीवरच ठेवली. परतल्यावर ‘जरा किडनी-लिव्हरला आराम मिळू दे’ असं कुणीतरी म्हणालं आणि गोळ्या बंदच राहिल्या.

भाऊ, सुरू करायलाच हव्यात, आणि याच आठवड्यात. मी स्वतः २००९ पासून गोळ्यांवर आहे आणि नव्या पेशंटांसोबत या गोळ्या मिळतात त्या सेंटरवर जात असतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी त्या आरामाचं बोलू. ही कल्पना तपासून झालेली आहे. ‘स्मार्ट’ नावाच्या अभ्यासात ३३ देशांतले ५,४७२ लोक होते. निम्म्यांच्या गोळ्या अखंड चालू ठेवल्या. उरलेल्यांच्या सीडी-फोर पेशी (रोगाशी लढणाऱ्या, एचआयव्ही मारतो त्या) ३५०च्या वर असल्या की गोळ्या बंद करायच्या आणि पेशी २५०च्या खाली आल्या की गोळ्या पुन्हा द्यायच्या, असं ठरलं होतं. जानेवारी २००६मध्ये तो प्रयोग थांबवावा लागला. गोळ्या थांबवलेल्या गटात एड्सशी संबंधित आजार किंवा मृत्यू यांचं प्रमाण अडीच पटींहून जास्त निघालं. आणि ज्या किडनी, लिव्हर, हृदयाला आराम मिळावा असं वाटत होतं, त्यांचेच गंभीर आजार त्या गटात जास्त झाले. विषाणू मोकाट असला की सगळ्या शरीरात सूज धुमसत राहते, रक्तवाहिन्यांतसुद्धा. पुढे या लोकांच्या गोळ्या परत सुरू केल्या तेव्हा धोका कमी झाला, पण पूर्णपणे गेला नाही. म्हणून ‘बघू, पुढच्या महिन्यात’ असं करू नका.

तुम्हाला बरं वाटतंय ते तीन वर्षांच्या गोळ्यांच्या जोरावर. गोळ्या विषाणूला वाढू देत नाहीत, पण शरीरातून काढून टाकत नाहीत. काही पेशींत तो निपचित पडून असतो. गोळ्या थांबल्या की बहुतेकांच्या रक्तात तो दोन-चार आठवड्यांत परत मोजण्याइतका वाढतो. कुणाला तेव्हा ताप, घसादुखी होते, पुष्कळांना काहीच जाणवत नाही. पेशी मात्र घसरू लागलेल्या असतात.

डिचोलीकडचे एक ट्रकवाले मला आठवतात. २०१२मध्ये खाणी बंद पडल्या, हातचं काम गेलं, त्यात गोळ्याही सुटल्या. वर्षभर ठणठणीत होते. मग जिभेवर आणि घशात पांढरा थर आला, पेजसुद्धा गिळवेना, आणि तपासणीत टीबी निघाला. टीबी बरा झाला, पण जुन्या एचआयव्हीच्या गोळ्या लागू पडेनात. तेव्हाच्या डबीतलं एक औषध रक्तात बरेच दिवस रेंगाळायचं, जोडीची औषधं लवकर उतरायची. त्यामुळे उरलेल्या एकट्या औषधाला तोंड द्यायला विषाणू शिकायचा. त्यांना दुसऱ्या फळीच्या औषधांवर जावं लागलं. आताच्या डबीतलं डोल्युटेग्राविर या बाबतीत पुष्कळ दणकट आहे. पण त्याच्या भरवशावर बंद-चालू करत राहू नये.

हिपॅटायटिस बी आहे का, हे सेंटरवरच्या तुमच्या उपचाराच्या पुस्तकात बघा. याच गोळीतली टेनोफोविर आणि लॅमिव्ह्युडिन तो विषाणूही दाबून ठेवतात. असेल, तर गोळ्या अचानक थांबल्यावर लिव्हरला जोराचा झटका बसू शकतो. कावीळ, पोटात उजवीकडे दुखणं असं काही असेल तर वाट बघू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.

उरलेल्या डबीतून आपल्या आपण सुरू करण्यापेक्षा आधी सेंटरवर जा, पण त्यासाठी दिवस घालवू नका. तुमचं पुस्तक गोमेकॉचं, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं असेल तर सकाळच्या बसने बांबोळीला उतरा. किती दिवस गोळ्या चुकल्या ते खरं सांगा. टीबीची लक्षणं विचारतील, पेशी आणि लागलं तर बाकीचं तपासतील आणि सुरू करून देतील. ओरडतील ही भीती मी फार जणांच्या तोंडून ऐकली आहे. परत आलेला पेशंट तिथे रोजचा असतो.

गोव्यात लोकांनी या आजारापायी काय सोसलं ते मी जाणून आहे. १९८९मध्ये डॉमिनिक डिसोझा नावाच्या तरुणाला फक्त एचआयव्ही आहे म्हणून म्हापशात कोंडून ठेवलं होतं, आणि तेव्हाचा कायदा त्याला परवानगी देत होता. आज उलट आहे. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेल्या कायद्याने तुमच्या संमतीशिवाय तुमची माहिती फोडता येत नाही, आणि यावरून नोकरीवरून काढताही येत नाही. १०९७ या फुकट नंबरवरही बोलता येतं.

खोलीवरच्या लोकांचं म्हणाल, तर डबीवरचं लेबल काढून टाका, पण गोळ्या त्याच डबीत ठेवा आणि आतली ओल शोषणारी पुडी काढू नका. गोव्याच्या दमट हवेत ती लागते. खुळखुळ ऐकू येऊ नये म्हणून वर कापूस ठेवा. नाइट ड्यूटी असेल तर उठल्याउठल्या घ्या, जेवणाआधी-नंतर काही फरक पडत नाही. कॅल्शियम, लोह किंवा ॲसिडिटीचं ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमवालं औषध चालू असेल तर मात्र आमची गोळी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. पुढच्या चवथीआधी सेंटरवर सांगून जास्त दिवसांच्या गोळ्या घेऊन ठेवा.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. लोड सापडत नव्हता तोवर तुमच्याकडून बायकोला लागण होणार नव्हती. आता ती खात्री नाही. लोड पुन्हा तपासून न सापडण्याइतका खाली आलेला दिसेपर्यंत कंडोम वापराच, आणि मधल्या काळात वापरला नसेल तर तिला सांगून तिचीही तपासणी करून घ्या. गेल्या तीन दिवसांतलं असेल तर तिला आजच डॉक्टरांकडे न्या. लागण टाळायची औषधं ७२ तासांच्या आतच सुरू करावी लागतात.