प्रशिक्षक बदलला, गुडघा तोच

वाचकांचे प्रश्न : फुटबॉल

या खेपेला आलेल्या पत्रांत बार्सिलोनाचा मिडफिल्डर गॅवी याच्याबद्दलची पत्रं सगळ्यात जास्त आहेत. त्यामुळे बरीचशी जागा त्याला आणि त्याच्या गुडघ्याला गेली आहे. ऑफसाइडच्या नव्या नियमांवरचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ.

गॅवीचा गुडघा गेला तेव्हा प्रशिक्षक झावी होते, परतला तेव्हा हान्सी फ्लिक. तोवर नव्या माणसाने आपला संघ बसवून टाकला होता आणि गॅवीच्या वाट्याला बाक आला. बार्सिलोनाचाच विंगर आन्सू फाती, त्याचंही असंच झालं. जखमी पोराला नवा प्रशिक्षक वाऱ्यावर सोडतो का?
– एक वाचक, पुणे

फ्लिकच्या बाबतीत तरी हा आरोप टिकत नाही. आधी तारखा पाहू. १९ नोव्हेंबर २०२३, वायादोलिद, युरो पात्रता फेरी, समोर जॉर्जिया. एका चेंडूवर गॅवीचा गुडघा दुखावला, तरी तो उठून खेळू लागला आणि थोड्याच वेळात खाली कोसळला. उजव्या गुडघ्याचं एसीएल, म्हणजे थांबताना-वळताना गुडघा सांभाळणारं लिगामेंट, पूर्ण तुटलं होतं, बाहेरच्या बाजूच्या मेनिस्कसलाही (गुडघ्यातल्या गादीलाही) इजा होती. तेव्हा वय १९. झावी मे २०२४ मध्ये गेले, २९ मे रोजी फ्लिकची नेमणूक जाहीर झाली. गॅवी मैदानात उतरला तो थेट २० ऑक्टोबरला, सेव्हियाविरुद्ध, ८३व्या मिनिटाला. पेद्रीने स्वतःची कर्णधारपदाची पट्टी काढून त्याच्या दंडावर चढवली. टाळ्या भरपूर पडल्या, पण तोवर हंगामाची घडी बसून गेली होती.

खरं नुकसान झालं ते जुलै-ऑगस्टमध्ये. फ्लिकचे बचावपटू जवळजवळ मध्यरेषेपर्यंत वर येऊन उभे राहतात. पुढच्या सहा जणांनी चेंडूवाल्याला मान वर करायला उसंत दिली नाही, तरच ही रचना चालते. एकाने दबाव टाकायला क्षणभर उशीर केला की लांब पास मागे पडतो आणि गोलकीपर एकटा उरतो. कुणी धावायचं, कुणी पास अडवायचा, कुणी थांबायचं, हे सरावात पुन्हा पुन्हा घोटून घ्यावं लागतं आणि त्याला वेळ मिळतो तो प्री-सीझनमध्येच. एकदा लीग आणि युरोपातले सामने सुरू झाले की दर तीन-चार दिवसांनी सामना. मग सराव म्हणजे निम्मा वेळ थकवा उतरवणं. त्या आठवड्यांत गॅवी फिजिओकडे होता आणि त्याच्या गैरहजेरीत मार्क कासादोने जागा धरली, पेद्री खाली सरकला, लाइपझिगहून दानी ओल्मो आला.

दुसरी अडचण जागेचीच. झावीच्या संघात गॅवीला नावाला डावी बाजू असायची, प्रत्यक्षात तो चौथा मिडफिल्डर. जानेवारी २०२३ च्या स्पॅनिश सुपर कपच्या अंतिम सामन्यात रियाल माद्रिदला ३-१ ने हरवताना त्याने तिथूनच एक गोल केला आणि दोन करून दिले. फ्लिकच्या ४-२-३-१ मध्ये (चार बचावपटू, दोन मागचे मिडफिल्डर, त्यांच्यापुढे तिघे, सर्वांत पुढे एक स्ट्रायकर) ती जागाच नाही. डावीकडे राफिन्या, उजवीकडे यामाल. उरतात त्या मागच्या दोन किंवा पुढची एक जागा. मागे अंगावर जाण्याची गॅवीची सवय महागात पडते, कारण तो चकला की मध्यभाग उघडा. पुढे गोल हवेत, आणि गोल करणं हे त्याचं बलस्थान कधीच नव्हतं.

तरीही फ्लिकने त्याला टाकलं नाही. जानेवारी २०२५ मध्ये जेद्दाहला सुपर कपच्या उपांत्य सामन्यात अ‍ॅथलेटिक बिल्बाओविरुद्ध पहिला गोल गॅवीचा होता आणि माद्रिदविरुद्धच्या ५-२ च्या अंतिम सामन्यात तो पहिल्या अकरांत होता. त्याच महिन्यात करार २०३० पर्यंत वाढला.

फातीचं प्रकरण वेगळं आहे. डाव्या गुडघ्याचं मेनिस्कस ७ नोव्हेंबर २०२० रोजी बेतिसविरुद्ध गेलं, वय १८. एका शस्त्रक्रियेत भागलं नाही. २६ सप्टेंबर २०२१ रोजी, मेस्सीचा १० नंबर घालून, लेव्हान्तेविरुद्ध परतला आणि गोलही केला. पण ६ नोव्हेंबरला सेल्ताविरुद्ध हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) गेलं, नेमकी झावीची नेमणूक झाली त्याच दिवसांत. जानेवारी २०२२ मध्ये बिल्बाओविरुद्ध पुन्हा हॅमस्ट्रिंग. गुडघा बरा झाला तरी पहिल्या दहा पावलांतला वेग परत आला नाही, आणि विंगवरच्या खेळाडूचं पोटपाणी त्यावरच चालतं. झावीने २०२२-२३ मध्ये त्याला लीगमध्ये भरपूर वेळा उतरवलं, बहुतेकदा बदली म्हणून. मग ब्रायटन, पुढे मोनाको, दोन्हीकडे लोनवर, म्हणजे ठरावीक काळापुरता दुसऱ्या क्लबकडे. प्रशिक्षकाने फातीला नाकारलं असं म्हणण्यापेक्षा सलग खेळत राहणं त्याच्या शरीराला जमलं नाही, हे जास्त खरं आहे. नवा प्रशिक्षक आधी हेच पाहतो : हा पोरगा आठवड्यातले किती सराव पूर्ण करतो?

सप्टेंबर २०२५ मध्ये गॅवीचं त्याच गुडघ्याचं पुन्हा ऑपरेशन झालं. दुर्बिणीतून मेनिस्कसचं ऑपरेशन झालेले इतर खेळाडू दीड-दोन महिन्यांत खेळतात. त्याला चार-पाच महिने का सांगितले?
– एक वाचक, नाशिक

कारण त्याची गादी शिवली. फाटलेला तुकडा कापून काढला की खेळाडू साधारण चार ते आठ आठवड्यांत परततो. शिवली तर टाके धरेपर्यंत गुडघा खोल वाकवायचा नाही आणि सुरुवातीचे काही आठवडे वजन जपून टाकायचं, त्यामुळे चार ते सहा महिने जातात. मेनिस्कसला रक्तपुरवठा फक्त बाहेरच्या कडेला असतो. तिथली चीर भरून येते, आतली सहसा येत नाही. म्हणून शिवता येण्याजोगी चीर दिसली तर शिवावी, हे डॉक्टरांचं आजचं मत. कापलं तर हंगाम वाचतो, पण हाडांमधली उशी कमी होते आणि गुडघा लवकर म्हातारा होण्याचा धोका वाढतो. २१ वर्षांच्या पोराच्या बाबतीत बार्सिलोनाने लांबचा रस्ता धरला, हे योग्यच केलं. आधी ऑपरेशन न करता उपचार करून पाहिले होते, त्यातही काही आठवडे गेले.

एसीएलनंतर नऊ महिने, नऊ महिने असं सगळे म्हणतात. सातव्या महिन्यात पळता येतं, मग खेळायला काय हरकत?
– एक वाचक, सांगली

पळणं सरळ रेषेत असतं. एसीएल लागतं ते थांबताना आणि वळताना. नवं लिगामेंट म्हणजे खेळाडूच्याच हॅमस्ट्रिंगचा, वाटीखालच्या किंवा वाटीवरच्या टेंडनचा तुकडा. तो हाडात बोगदा करून बसवतात. बसवल्यावर त्यातल्या पेशी आधी मरतात, मग नव्या रक्तवाहिन्या शिरतात. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात तो सगळ्यात कमजोर असतो, आणि नेमकं तेव्हाच दुखणं थांबलेलं असतं. पोरं फसतात ती इथे.

नॉर्वे आणि अमेरिकेतल्या रुग्णांच्या एका अभ्यासात (२०१६) दिसलं की नऊ महिन्यांपर्यंत परतणं दर महिन्याने लांबवलं तर पुन्हा इजा होण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटत जातं. नऊच्या पुढे तेवढा फरक पडत नाही. वय हा दुसरा घटक. २५ वर्षांखालचे जे खेळाडू पुन्हा मैदानात उतरतात, त्यांत साधारण चारांतल्या एकाचं एसीएल पुन्हा जातं, त्याच पायाचं किंवा दुसऱ्या. युरोपातल्या व्यावसायिकांचंही चित्र गुलाबी नाही : जवळपास सगळे सरावाला परततात, पण तीन वर्षांनी त्याच दर्जाला खेळणारे सुमारे ६५ टक्के उरतात.

कॅलेंडर एकटं पुरत नाही. मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद आणि एका पायावरच्या उड्या यांत जखमी पाय चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के हवा. एक मेख लक्षात ठेवा : सहा महिने बसून चांगला पायही उतरतो, म्हणून ९० टक्के दिसतात आणि दोन्ही पाय कच्चे असतात. ऑपरेशनपूर्वी चांगल्या पायाचं माप घेऊन ठेवलं असेल तर त्याच्याशी ताडून पाहावं.

खेळाडू जखमी असताना क्लबचं पैशाचं गणित काय असतं?
– एक वाचक, ठाणे

दोन गोष्टी. गॅवी राष्ट्रीय संघाकडून खेळताना जखमी झाला, त्यामुळे फिफाची भरपाई योजना लागू होते. खेळाडू सलग २८ दिवसांपेक्षा जास्त बाहेर असेल तर क्लबला त्याच्या पगारापोटी दिवसाला कमाल २०,५४८ युरो, एका इजेमागे जास्तीत जास्त ७५ लाख युरो. दुसरं, स्पेनच्या लीगमध्ये पगारमर्यादेला टेकलेला क्लब दीर्घकाळ जखमी खेळाडूच्या पगाराचा ८० टक्के भाग दुसऱ्याच्या नोंदणीसाठी वापरू शकतो. ऑगस्ट २०२४ मध्ये ओल्मोची नोंदणी बचावपटू क्रिस्टेन्सेनच्या दुखापतीच्या आधारावर, फक्त डिसेंबरअखेरपर्यंत झाली आणि ती मुदत संपल्यावर जानेवारीत नोंदणीवरून केवढा गोंधळ उडाला ते आठवत असेल. थोडक्यात, तुमचा माणूस पलंगावर असताना त्याच्याच पगारावर त्याचा प्रतिस्पर्धी संघात येऊ शकतो.

माझा धाकटा भाऊ १९ वर्षांचा आहे, एसीएलचं ऑपरेशन होऊन सहा महिने झाले. मंडळाचा कोच बदलला. नवे सर म्हणतात, सरावाला ये, नाहीतर जागा धरून ठेवता येणार नाही. काय करावं?
– एक वाचक, कोल्हापूर

सरावाला जाऊ दे, सामना नको. पण तोंडी सांगू नका, कागद घेऊन जा. नव्या सरांना भावाचा जुना खेळ माहीत नाही आणि गुडघाही माहीत नाही. सर्जन किंवा फिजिओकडून एक पान लिहून घ्या : ऑपरेशनची तारीख, लिगामेंट कुठून घेतलं, गादी शिवली आहे का, आज काय चालेल, काय बंद, पुढची तपासणी कधी. सोबत जुन्या सामन्यांचे पाच-सहा मिनिटांचे व्हिडिओ द्या. सर वाईट नसतात, त्यांनाही पहिल्याच हंगामात निकाल दाखवायचे असतात.

सहाव्या महिन्यात, गुडघा सुजत नसेल आणि फिजिओची परवानगी असेल तर : वॉर्मअप, सरळ धावणं, जोडीने पासिंग, ठरवून दिलेली वळणं, अंगाला अंग न लागणारा रोंदो (मधल्या खेळाडूला चकवत गोलात चेंडू फिरवण्याचा सराव). बंद काय, तर टॅकल, हेडरसाठी गर्दीत उडी, गल्लीतले सेव्हन-अ-साइड सामने आणि पेठापेठांतल्या ईर्षेचा ‘सराव’ सामना. या शेवटच्यात सगळ्यात जास्त गुडघे जातात, कारण तिथे पंचही ढिला असतो आणि पाय आवरणाराही कुणी नसतो.

रोज सकाळी शिंप्याच्या टेपने दोन्ही गुडघ्यांचा घेर वाटीच्या मधोमध मोजून वहीत लिहा. जखमी गुडघा आदल्या दिवसापेक्षा सेंटीमीटरभर वाढला, तर त्या दिवशी धावणं बंद, बर्फ आणि फिजिओला फोन. फिजिओने परवानगी दिल्यावर एका पायाची लांब उडी मोजा : तीन प्रयत्न, त्यातला सर्वांत चांगला धरायचा आणि उतरल्यावर तोल टिकला तरच मोजायचा. चांगला पाय १६० सेंटीमीटर गेला तर दुसरा निदान १४४. उतरताना गुडघा आत वळतो का, ते मोबाइलवर समोरून रेकॉर्ड करा. अंतर भरलं पण गुडघा आत गेला, तर नापास. टणक मैदानावर लांब स्टडचे बूट टाळा, पाय जमिनीत रुततो आणि गुडघा वळतो.

आणखी एक. हंगामासाठी नोंदणी करणं आणि खेळणं या वेगळ्या गोष्टी आहेत. नोंदणीची शेवटची तारीख विचारून घ्या आणि सरांना सांगा की नाव द्या, पहिला टप्पा तो बसेल. परतल्यावर पहिल्या सामन्यात १०-१५ मिनिटं, मग अर्धा तास, मग एक तास. आणि वॉर्मअपला सगळ्या संघाने फिफा ११ प्लस (इजा टाळण्यासाठीचा व्यायामसंच) करावं, २० मिनिटं लागतात, साहित्य काही लागत नाही. हे सरांना पटवलंत तर त्यांचे बाकीचे गुडघेही वाचतील.

करार चालू आहे, खेळाडू जखमी आहे आणि नव्या प्रशिक्षकाला तो नको आहे. क्लब करार मोडू शकतो का?
– एक वाचक, मडगाव

फक्त दुखापतीच्या कारणावरून नाही. फिफाच्या नियमांत करार वैद्यकीय तपासणीच्या अटीवर अवलंबून ठेवता येत नाही आणि इजा हे करार मोडायला योग्य कारण धरलं जात नाही. क्लबला दोघांच्या संमतीने तडजोड करता येते किंवा खेळाडूला लोनवर देता येतं, पण लोनलाही खेळाडूची सही लागते. उलट बाजूने, प्रस्थापित खेळाडूला हंगामातल्या १० टक्क्यांपेक्षा कमी अधिकृत सामन्यांत खेळवलं तर तो शेवटच्या सामन्यानंतर १५ दिवसांत करार सोडू शकतो. मात्र इजेमुळे बाहेर बसलेल्याला आणि नवख्या पोराला या कलमाचा आधार मिळणं कठीण. उपचारांची बिलं, फिट असल्याचं प्रमाणपत्र ज्या तारखेला क्लबला दिलं त्याची पोच आणि सरावाला न बोलावल्याचे मेसेज जपून ठेवा. वाद अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या प्लेअर स्टेटस कमिटीपुढे गेला तर तिथे कागदच लागतात.